वाट मोकळी असेल तर एक दाबा

धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या त्या दुकानात कोणीही फोन लावला की पहिल्यांदा माझा आवाज ऐकू यायचा. मी तिथे असो वा नसो. मी घरी केस विंचरत असेन, एसटीत खिडकीला डोकं टेकून पेंगत असेन, रविवारी आईजवळ बसून तांदूळ निवडत असेन, तिकडे माझा आवाज कुणाला तरी सांगत असायचा, "नमस्कार. धान कापणीसाठी मशीन हवी असल्यास एक दाबा."

सगळे शब्द स्वच्छ, पुस्तकातले. आमच्या घरी असं कुणी बोलत नाही. मीही बोलत नाही. बाबांना मात्र त्या आवाजाचं फार कौतुक. टोलीतल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, कुणाचा तरी मोबाईल मागून ते नंबर लावायचे, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचे आणि एकही बटण न दाबता ठेवून द्यायचे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर अशा फोनांची वेगळी यादी यायची. तिला नाव होतं 'अपूर्ण चौकशी'. त्या यादीत, टोलीतल्याच कुणाच्या नंबरावर, बाबा नेहमी असत. मी कुणाला सांगितलं नाही.

दुकान ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं होतं, पण धानाच्या हंगामात सेठजींचा खरा धंदा मशीनचा. हार्वेस्टरला आमच्याकडे मशीनच म्हणतात. पंजाबातून मशीन यायच्या, त्यांच्यासोबत त्यांचे ड्रायव्हर. दिवाळीच्या सुमाराला हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान पिकलं की गोरेगाव-तिरोड्याच्या बाजूला कापणी चालायची. उन्हाळ्यात पुन्हा इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचं धान कापायला मशीन तिकडे जायच्या. शेतकऱ्याचा फोन घ्यायचा, भाव सांगायचा, तारीख ठरवायची आणि मशीन कुठून कुठे जाईल ते जुळवायचं, हे माझं काम. पदवी झाल्यावर दोन वर्षं मी घरीच होते. परीक्षांचे अर्ज भरत होते, एकाचंही पुढे काही होत नव्हतं. सेठजींनी एका ओळखीवर मला बसवलं, खुर्ची दिली आणि पहिल्या दिवसापासून "बेटा" म्हटलं. ते मी विसरलेले नाही.

आमच्या टोलीत माझ्याआधी कुणी कॉलेज पूर्ण केलं नव्हतं. विहाराच्या ओट्यावर बसून मी अभ्यास केला, कारण तिथे लाईट असायची. आईबाबा दोघं आयुष्यभर दुसऱ्यांचं धान कापत आले. नव्याण्णव साली मी सातवीत होते. त्या वर्षी सहामाही परीक्षा आणि कापणी एकत्र आली. टोलीतली सगळी मुलं शेतावर होती. मला तेवढं घरी ठेवलं होतं. आई इळा कमरेला खोचून निघताना म्हणाली, "तू पुस्तक काप." त्याच पुस्तकांच्या जोरावर मी मशीनच्या दुकानात बसले आणि मशीन आईच्या कामावर आली. आई हे अधूनमधून बोलून दाखवायची. "तुह्या मशीनीनं आमचा इळा खाल्ला गा बाई." बोलायची हसून.

पहिली काही वर्षं सगळं फोनवर आणि तोंडी चालायचं. विचारणारे पुष्कळ, ठरवणारे थोडे. एकेक माणूस चार-चार वेळा फोन करायचा. भाव विचारायचा, मग दुसऱ्या एजंटाचा भाव सांगायचा, मग मशीन चेनवाली आहे की चाकवाली ते विचारायचा, आणि शेवटी म्हणायचा, "सांगतो मंग." हे 'सांगतो मंग' ऐकून ऐकून हंगाम संपेपर्यंत माझा घसा बसायचा. घरी आले की मी कुणाशी बोलायची नाही. आईला वाटायचं, दुकानात काही झालं.

या सगळ्यात एक प्रश्न मी न चुकता विचारायची. "पुढच्याशी बोलले का?" आमच्याकडे शेत म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बांध्या, धुऱ्यांनी म्हणजे मातीच्या बांधांनी वेगळे केलेले तुकडे. धुऱ्यापलीकडे बांधी, तिच्या पलीकडे आणखी बांधी, अशा पांदणीपासून, म्हणजे गाडीवाटेपासून, आत उतरत गेलेल्या. इळ्यानं कापायचं होतं तेव्हा कुणाची अडचण नव्हती. भारा डोक्यावर घ्यायचा, धुऱ्याधुऱ्यानं बाहेर यायचं. मशीन धुऱ्यावरून चालत नाही. आतल्या बांधीत जायचं तर तिला पांदणीकाठच्या बांधीतूनच जावं लागतं, आणि तिथलं धान आधी कापलेलं असावं लागतं. म्हणून हंगामाच्या आधी गावागावात पानठेल्यावर माणसं बसायची. आधी कोण, मागून कोण, याच्यावर भांडायची. उशिरा पिकणारा भारी धानवाला हलक्या धानवाल्याला शिव्या घालायचा, तू आधी काऊन पिकला म्हणून. शेवटी काहीतरी जमायचं, आणि बाजाराच्या दिवशी एक जण येऊन साऱ्या पट्ट्याची तारीख सांगून जायचा. फोनवरचा माणूस 'सांगतो मंग' म्हणायचा तेव्हा बहुतेक हेच जमायचं बाकी असायचं. हे माझ्या तेव्हा ध्यानात नव्हतं. मला तो नुसता उशीर वाटायचा.

सेठजींचा भाचा नागपूरला कॉम्प्युटरचं शिकलेला. फार चांगला मुलगा, मला "ताई" म्हणायचा आणि मी उभी असले तर स्वतः बसायचा नाही. एका पावसाळ्यात तो दुकानात चार दिवस माझ्या शेजारी बसून नुसते फोन ऐकत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "ताई, तुम्ही दिवसभर तेच तेच प्रश्न विचारता. एकदाच विचारून ठेवा. पुढचं कॉम्प्युटर करेल. तारीख तोच देईल, मेसेज तोच पाठवेल."

मला खरंच बरं वाटलं. माझ्या घशाची काळजी आजवर कुणी केली नव्हती.

मागच्या खोलीत बारदान्याच्या थप्प्यांमध्ये स्टूल ठेवून त्यानं माझा आवाज भरला. बारदान्यात आवाज घुमत नाही म्हणे. तालुक्यातल्या सगळ्या गावांची नावं, एक ते एकतीस आकडे, महिने, आणि शेवटी, "तुमची तारीख पक्की झाली आहे." माझ्याच गावाचं नाव मी तीनदा बोलले, कारण ते दरवेळी घरच्यासारखं तोंडातून निघायचं. तो हसून म्हणाला, "ताई, हे गाव तुमचं दिसते."

प्रश्नांची यादी आम्ही दोघांनी मिळून केली. गाव, एकर, मशीन कोणती, तारीख. मी म्हटलं, वाटेचं राहिलं. तो विचारात पडला. चार प्रश्नांच्या पुढे लोक फोन ठेवून देतात, म्हणाला. शिवाय याचं उत्तर बटणात कसं बसवायचं? वाटेचा प्रश्न विचारला की माणूस म्हणायचा, वाट आहे पण काकाच्या पोराशी बोलणं बंद आहे, त्याच्या बायकोला विचारून पाहतो, ती माहेरी गेली आहे. यातून एक आणि दोन कसे काढणार? तो प्रश्न आम्ही सोडला. लोक गावात आपसात ठरवतातच, असं दोघांनाही वाटलं.

त्या हंगामात सेठजी खूश होते. पहाटे दुकान बंद असतानाही तारखा पक्क्या होत होत्या. "जो पूछता है, वो पक्का हो जाता है," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. भाच्यानं स्क्रीनवर हिरव्या रंगाच्या चौकटी केल्या होत्या. पक्क्या तारखेची चौकट हिरवी व्हायची. दिवसभर चौकटी हिरव्या होत राहायच्या आणि मी त्यांच्याकडे बघत चहा प्यायची.

लोकांना सवय व्हायला मात्र वेळ लागला. माझ्या आवाजाशी ते बोलायचे. मी "गावासाठी बटण दाबा" म्हणायची आणि तिकडून, "थांब ना बाई, आधी भाव सांग." मी थांबायची नाही. माझे मामा एकदा दुकानातच आले, चप्पल न काढता, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काऊन गा, नोकरी लागली तं मामाशी बोलून नाही राहिली? मी म्हणतो बाई, मी मामा होय, मामा होय, आन् तू म्हणते दोन दाबा!" दुकान हसलं. मीही हसले. मामा हसले नाहीत. चहा घेऊनही त्यांचा राग उतरला नव्हता.

पानठेल्यावरची बैठक त्या वर्षी कुठे झाली नाही. मुद्दाम कुणी मोडली नाही. ज्याच्या खिशात मोबाईल, त्यानं आपली तारीख आपण घेतली. घरबसल्या मिळत होती, मग भांडायला कोण जाणार?

अशात एका दुपारी ड्रायव्हरचा फोन आला. माझ्या मोबाईलवर आला, म्हणून मी उचलला.

"मैडमजी, खेत तो दिख रहा है. रास्ता नहीं है. उड़ के जाऊँ क्या?"

ते गाव माझ्या गावाच्या शेजारचं. मी दुकानाची स्कूटी काढली. वाटेभर आभाळ भरून येत होतं. दोन दिवस टीव्हीवर पावसाचं सांगत होते.

पांदणीवर मशीन उभी होती, इंजिन बंद. ड्रायव्हर सावलीला बसून पाणी पीत होता. समोर एक मोठी बांधी, धान उभं, शेंड्याला पिवळं आणि खाली हिरवंगार. भारी धान. त्याच्या पलीकडे, धुऱ्याच्या आत, दोन लहान बांध्या. तिथलं हलकं धान पिकून आडवं व्हायला आलं होतं. अशा धानाला हात लागला तरी दाणा गळतो.

त्या दोन बांध्या एका बाईनं ठेक्यानं केल्या होत्या. पन्नाशीच्या पुढची, माझ्या आईसारखीच, पण त्या गावच्या टोलीतली, घरात एकटी. नवरा गेलेला, मुलगी दिलेली. वर्षाचा भात तिच्यासाठी तेवढ्या दोन बांध्यांत होता. कापायला बाया मिळाल्या नाहीत, सगळ्यांची दुसरीकडे बोली झाली होती, म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा मशीन सांगितली होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल होता. मी स्कूटी लावत नाही तोच तिनं तो माझ्यासमोर धरला.

"पाह्य बाई. पक्की झाली मनून हाय ना याच्यात? शाळेतल्या पोराकडून वाचून घेतलं मी."

"आहे मावशी."

"मंग?"

समोरच्या बांधीचा मालक धुऱ्यावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत होता. मी त्याला भाऊ म्हणून हाक मारली. तो उठला नाही.

"का जी बाई, तुमच्या फोनले दिसत नाही का, माहं धान हिरवं हाय मनून? पंधरा दिस लागतेत अजून. मले विचारलं का कोणी? यीनं नाही विचारलं. तुमच्या फोनानं नाही विचारलं. सीधी मशीन आणून उभी केली माह्या डोक्यावर!"

"मी काऊन विचारू?" मावशी त्याच्यावर उलटली. मग माझ्याकडे वळली. "मागच्या साली माह्या जावयानं त्याच्या शेतासाठी माह्यासमोर फोन लावला होता, तवा तूच विचारलं ना, पुढच्याशी बोलले का, पुढच्याशी बोलले का? दोनदा विचारलं. या साली नाही विचारलं. मले वाटलं, आता तूच बोलून घेत असशीन. इतकी शिकलेली बाई. पक्की झाली मनते, तं विचारूनच मनत असन ना?"

आवाज माझा होता. प्रश्नही माझाच होता, आणि तो नसल्याचा अर्थ तिनं आपल्या परीनं लावला होता. तिच्या जागी माझ्या आईनं तोच लावला असता.

मी भाऊंना म्हटलं, मशीनपुरती एक पट्टी काढू द्या, जेवढं धान जाईल तेवढं मावशी भरून देईल. मावशीनंही मान हलवली. भाऊंनी खर्रा तोंडात टाकला आणि आभाळाकडे पाहिलं.

"हिरवं धान मशीनीखाली घालू? पट्टी मनता तुमी. मशीन का सुतासारखी चालते? वळन कुठं? अर्धी बांधी जाते माही." ते ओरडले नाहीत, म्हणून ते जास्त खरं वाटलं. "डोक्यावर आणा ना जी. धुऱ्यानं या. पहिले आणतच होतो आपन. मी का नाही मनतो?"

त्यांचं चुकत नव्हतं. मावशीचंही चुकत नव्हतं. मी सेठजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "बेटा, आगे वालों को मैसेज जा चुका है. उनका भी तो पक्का है. मशीन निकालो." तेही खरं होतं. पुढे तिरोड्याच्या रस्त्यावर कुणीतरी माझ्याच आवाजावर विश्वास ठेवून पांदणीवर उभं असणार.

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. मशीन मागे घेताना धूळ उडाली आणि आम्ही तिघं धुराळ्यात तोंड फिरवून उभे राहिलो. मशीन दिसेनाशी झाली तरी मावशी पांदणीकडे बघत होती. मग तिनं मोबाईल पुन्हा पिशवीत गुंडाळला.

"जाय बाई तू. तुले दुकान असन."

दुकान होतं. फोन वाजत असतील आणि माझा आवाज उचलत असेल, हेही ठाऊक होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, माझी तिथे गरज नाही, तर इथे थांबायला काय हरकत आहे? मी ओढणी कमरेला बांधली आणि इळा मागितला.

"तुले येते?"

"येते."

"कालेजात शिकवते का धान कापाले?" भाऊ धुऱ्यावरून म्हणाले.

"घरी शिकवतात, भाऊ."

मावशीनं इळा दिला, पण पहिल्या दोन मुठी होईपर्यंत माझ्या बोटांवरची नजर हलवली नाही. कापता येत होतं. वेग मात्र राहिला नव्हता. खुर्चीवरच्या वर्षांनी कंबर वेगळीच करून टाकली होती. मावशी माझ्या पुढे पुढे जात राहिली, आणि अंतर फार झालं की उभी राहून पाठ सरळ करायची, जणू तिलाच विसावा हवा होता. दिवस मावळेपर्यंत एका बांधीचा निम्मा भाग झाला. मी टोलीतल्या एका मोबाईलवर आईला सगळं सांगितलं आणि रात्री मावशीकडेच राहिले.

सकाळी उजाडताच आई आली, टोलीतल्या दोन बायांना घेऊन. त्यांना नऊच्या आत दुसऱ्या शेतावर पोचायचं होतं. आईनं बांधीत उतरण्याआधी मला सगळ्यांसमोर ऐकवलं, "पहिले मशीनीनं आमचं काम नेलं. आता मशीनीचं काम आमीच करून राहिलो. असं कसं गा तुमचं दुकान?" बाया हसल्या. मावशीही हसली. आदल्या दुपारपासून पहिल्यांदा.

पहिली बांधी पूर्ण झाली. तिचे भारे आम्ही धुऱ्यानं बाहेर काढले, आणि भाऊ एकेक भारा उचलून बायांच्या डोक्यावर द्यायला उभे राहिले. नऊला आई आणि दोघी निघून गेल्या. दुसरी बांधी मी आणि मावशीनं कापली, पण ते धान उचलून न्यायला आम्ही दोघीच होतो. कडपा, म्हणजे कापून ठेवलेल्या धानाच्या ओळी, बांधीत पसरलेल्या होत्या आणि संध्याकाळी पाऊस आला. मोठा नव्हता. पण दुसऱ्या दिवशीही आला, आणि तिसऱ्या.

एका बांधीचा भात मावशीच्या घरी गेला. दुसरीचा भिजून काळा पडला. तोही तिनं वाळवला, चुरून दाणे काढले, गिरणीतून भरडून आणले. उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं मला जेवू घातलं. म्हणाली, "वास येते जरासा. कढी घे वरून." मी घेतली. वास येत होता.

भाच्याला मी सगळं सांगितलं होतं. त्यानं दोष टाळला नाही. "बरोबर आहे ताई, तो प्रश्न पाहिजेच होता," म्हणाला आणि पुढच्याच हंगामाआधी नागपूरहून आला. पुन्हा बारदान्यात स्टूल. "तुमच्या शेतापर्यंत मशीन जाण्यासाठी वाट मोकळी असेल तर एक दाबा. नसेल तर दोन दाबा." दोन दाबणाऱ्याला तारीख मिळायची नाही. माझा आवाज त्याला सांगायचा, शेजाऱ्यांशी बोलून पुन्हा फोन करा, धन्यवाद.

हंगाम सुरू झाला आणि सगळ्यांनी एक दाबला. दोन दाबून तारीख जात असेल तर दोन कोण दाबणार? मामांनीसुद्धा एकच दाबला, त्यांच्या पुढच्याचं धान अजून कच्चं, दूध भरत होतं तेव्हा. विचारलं तर म्हणाले, "तारीख तं घेऊन ठेवतो. वाट होते मागून."

मग मी रोज सकाळी हिरव्या चौकटी उघडून एकेकाला फोन करू लागले. आपल्या तोंडानं, आपल्या बोलीत. का जी, पुढच्याचं कापलं का? भारी आहे की हलकं? बोलले का त्याच्याशी? कॉम्प्युटर पक्की करायचा आणि मागून मी विचारत बसायची, खरंच पक्की आहे का. पूर्वीइतकेच फोन, किंबहुना जास्त. सेठजी एकदा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "बेटा, फिर ये कंप्यूटर किस काम का?" रागावून नव्हे, त्यांना खरोखर समजत नव्हतं. मलाही समजत नव्हतं. घसा पुन्हा बसला. घरी पुन्हा मी बोलेनाशी झाले. आई आता विचारायची नाही, कोमट पाणी आणून ठेवायची.

त्याच दिवसांत एका सकाळी मी 'अपूर्ण चौकशी'ची यादी काढली. एरवी ती मी नुसती खाली सरकवायची. चुकून लागलेले फोन, पोरांचे खेळ, आणि बाबा. त्या दिवशी बाबांच्या खाली एक नंबर होता. गाव दाबलेलं, एकर दाबलेलं, मशीन दाबलेली, आणि वाटेच्या प्रश्नाला दोन. साऱ्या हंगामात दोन दाबलेला मी पाहिलेला तो पहिला फोन. नंबर मावशीचा होता.

मी लावला.

"दोन दाबला मी," ती लगेच म्हणाली, नमस्कार वगैरे नाही. "खरं होतं ते दाबलं. तं तू धन्यवाद मनून निंगून गेली."

"ती मी नव्हते मावशी."

"आवाज तुहाच होता."

"आवाज माझा होता. मी आत्ता बोलून राहिले ना." माझ्या तोंडून ते तसंच निघालं. "सांगा, वाटेचं काय?"

मग तिनं सांगितलं, आणि त्याला बराच वेळ लागला. समोरच्या भाऊंनी त्या साली भारी धान लावलंच नव्हतं. कुणाला काही न सांगता त्यांनीही हलकंच लावलं. काऊन, असं तिनं विचारलं तर म्हणाले, भारीले पाणी पुरत नाही. पाणी दरवर्षी पुरत होतं. त्यांचं अजून उभं होतं, पण आठवडाभरात दोघांचंही होणार होतं. मशीन मात्र त्यांनी सांगितली नव्हती.

मी भाऊंना फोन केला. "तुमच्या त्या फोनाशी नाही बोलत मी," ते म्हणाले. "तो मले गाव विचारते. माहं गाव पाह्यलं नाही का त्यानं?"

"मग माझ्याशी बोला भाऊ. एकाच दिवशी दोघांचं. आधी तुमचं, मग मावशीचं."

"आन् पावसाचं?"

"पावसाचं मला नाही सांगता येत, भाऊ."

"हे बरं सांगतलं," ते म्हणाले. "करा मंग तारीख."

ती तारीख मी हातानं टाकली. कॉम्प्युटरला दोन नंबरांची कापणी एकामागोमाग जोडता येत नव्हती, म्हणून दोन्ही शेतं मिळून एकच कापणी म्हणून भाऊंच्या नंबरवर टाकावी लागली. मावशीला मेसेज गेला नाही. तिला मी नुसतं सांगितलं, आणि ती म्हणाली, "बरं."

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. मी जाऊ शकले नाही. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती, आणि त्या पट्ट्यातल्या आणखी दोन गावांत कुणीतरी वाट नसताना एक दाबला होता. दोन्हीकडचे ड्रायव्हर मला फोन करत होते. एकाला समजावून फोन ठेवला तर दुसरा. कान दुखायला लागला होता. दुपारी मोबाईलवर मावशीचा नंबर दिसला. मी दुकानाच्या पायरीवर येऊन उचलला.

ती बोललीच नाही. नुसता घरघराट. इतका मोठा की मी फोन कानापासून लांब धरला. मग कळलं, मशीन तिच्या बांधीत होती आणि तिनं मोबाईल तिकडे धरला होता. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मशीन लांब गेली, वळली, पुन्हा जवळ आली.

"ऐकून राहिली का?" ती मधूनच ओरडली.

मी हो म्हटलं. तेवढ्या आवाजात ते तिला ऐकू गेलं नसावं, कारण तिनं पुन्हा तेच विचारलं. आत दुकानातला फोन वाजायला लागला होता. तो उचलायला माझा आवाज होता. मी पायरीवरच बसून राहिले.